चार हजार फुटांचा माज

मंडळी, आज एका आकड्याशी भांडायचं आहे. तो आकडा म्हणजे चार हजार फूट प्रतिसेकंद. इकडे अमेरिकेत, त्यातही नेब्रास्का, वायोमिंग, डकोटा, माँटाना अशा मोकळ्या माळरानांच्या राज्यांत, छोट्या रायफलींचा विषय निघाला की दहा मिनिटांच्या आत कुणीतरी हा आकडा टेबलावर आपटतोच. आपटला की बाकीचे गप्प. जणू आता बोलण्यासारखं काही उरलंच नाही. माझं म्हणणं असं की खरं बोलणं तिथूनच सुरू व्हायला हवं. पण ते कुणाला नको असतं, कारण त्यात सराव नावाची कंटाळवाणी गोष्ट येते.

निमित्त आमच्या भाच्याचं. तो डेन्व्हरला नोकरीला लागला, मित्रांबरोबर रेंजवर जायला लागला आणि आता स्वतःची रायफल घ्यायची म्हणतो. मित्रमंडळाने एकमुखाने निकाल दिलाय: "२२-२५० घे, त्याच्या खालचं काही घेऊ नकोस." मी फोनवर पाऊण तास बोललो तरी माझं समाधान झालं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. (आत्या, तू वाचत असशील तर लगेच पान बंद करू नकोस. पुढे तुझ्याही प्रश्नाकडे येतो आहे.)

आधी घरच्यांसाठी थोडी तोंडओळख. जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून जायला हरकत नाही. व्हार्मिंट म्हणजे शेतीला, कुरणाला, पाळीव जनावरांना उपद्रव देणारे प्राणी. प्रेअरी डॉग (नावात कुत्रा, पण कूळ खारीचं), ग्राउंड स्क्विरल, वुडचक, आणि आपल्या कोल्ह्याचा अमेरिकन चुलतभाऊ कायोटी. त्यांच्यासाठी बनलेली कमी व्यासाची, हलक्या गोळीची, वेगवान काडतुसं ती व्हार्मिंट काडतुसं. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की बाकी सगळं खर्च होतं, पुंगळी मात्र हाताशी उरते. तिला पुन्हा आकार द्यायचा, लांबी वाढली असेल तर कापायची, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची. याला म्हणतात रीलोडिंग. गराजमधल्या एका टेबलावर हा उद्योग करणारे लोक इकडे भरपूर आहेत, मीही त्यातलाच एक. दारू आणि गोळी दोन्ही मोजतात ग्रेनमध्ये. हे माप परकं वाटेल, पण आपल्या आजीच्या सोन्याशी त्याचं नातं आहे. इंग्रजांनी ठरवून दिलेला तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. त्या हिशोबाने ४० ग्रेनच्या गोळ्या एका तोळ्यात साडेचार बसतात. एवढ्याशा जिनसेवर हा सगळा गदारोळ!

आता आकड्यांची पहिली गंमत. व्हार्मिंट काडतुसांची नावं ओळीने वाचा: २१८ बी, २१९ झिपर, २२० स्विफ्ट, २२१ फायरबॉल, २२२ रेमिंग्टन, २२३ रेमिंग्टन, २२४ वेदरबी, २२५ विंचेस्टर. वाचणाऱ्याला वाटेल की गोळीचा व्यास इंचाच्या एकेका हजारांशाने वाढत चाललाय. प्रत्यक्षात या आठही काडतुसांत जाणारी गोळी एकाच व्यासाची, ०.२२४ इंच. २२-२५० मध्येही तीच. (त्यातलं २५० हे ज्या जुन्या २५० सॅव्हेजच्या पुंगळीचं तोंड आवळून ते बनवलं, तिच्याकडून आलेलं.) म्हणजे आठ नावं, आठ पुंगळ्या, आणि गोळी एकच. फरक फक्त मागे दारू किती मावते याचा. व्हार्मिंट काडतुसांवरचे नव्वद टक्के वाद हे शेवटी डब्याच्या आकाराचे वाद आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी डोकं बरंच शांत राहतं.

दुसरी गोष्ट इतिहासाची, आणि वेगाचे भक्त ती कधीच सांगत नाहीत. १९२० च्या दशकाच्या शेवटी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेतल्या काही हौशी मंडळींनी, ज्यांत टाउनसेंड व्हेलन हे मोठं नाव, एका जुन्या काळ्या दारूच्या काडतुसातून २२ हॉर्नेट घडवलं. १९३० मध्ये विंचेस्टरने ते बाजारात आणलं. ४५ ग्रेनची गोळी, वेग २७०० फुटांच्या आत-बाहेर. पाचच वर्षांनी, १९३५ मध्ये, विंचेस्टरनेच २२० स्विफ्ट काढलं: ४८ ग्रेनची गोळी, ४११० फूट प्रतिसेकंद. आवाजाच्या साडेतीन पटींहून जास्त! कारखान्यातून निघालेलं चार हजारांवरचं ते पहिलं काडतूस. आज चार हजारांचा जो तोरा मिरवला जातो तो नव्वद वर्षांचा जुना आहे.

मग वेग हाच जर सगळ्याचा बाप असता, तर त्यानंतर कुणी दुसरं काही काढलंच नसतं. पण १९५० मध्ये रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी २२२ रेमिंग्टन आणलं. ५० ग्रेनची गोळी, वेग ३२०० च्या आसपास. स्विफ्टपेक्षा नऊशे फूट कमी! आणि झालं काय? बेंचरेस्ट म्हणून एक प्रकार आहे, टेबलावर रायफल टेकवून कागदावर पाच-पाच, दहा-दहा गोळ्या एकाच भोकात घालण्याची स्पर्धा. अचूकतेचे ते कर्मठ लोक, इंचाच्या हजारांशावर जीव टाकणारे. स्विफ्ट समोर असताना या मंडळींनी २२२ उचललं, आणि सत्तरच्या दशकात पीपीसी येईपर्यंत त्या छोट्या पुंगळीचंच तिथे राज्य होतं. पीपीसीची पुंगळीही आखूड आणि आटोपशीरच. ज्यांना फक्त अचूकता हवी होती, त्यांनी मोठा डबा घेतला नाही. उलट विंचेस्टरनेच १९६४ च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध मॉडेल ७० मधून स्विफ्टला नारळ दिला. (तिने नळ्या खाल्ल्याच्या कहाण्या थोड्या तिखटमीठ लावलेल्या आहेत हे मी मान्य करतो. पण थोड्याच.)

त्याच १९६४ मध्ये २२३ रेमिंग्टन बाजारात आलं, सैन्याच्या एआर-१५ साठी चाललेल्या खटपटीतून. आणि १९६५ मध्ये रेमिंग्टनने २२-२५० ला अधिकृत केलं. तोवर तीसेक वर्षं ते घरगुती काडतूस म्हणूनच नांदत होतं, जो तो आपापल्या परीने पुंगळ्या आवळून बनवायचा. आज भांडण मुख्यतः या दोघांत आहे, म्हणून आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ.

कारखान्याच्या तक्त्याप्रमाणे ५५ ग्रेनची गोळी २२३ मधून ३२४० फुटांनी निघते, २२-२५० मधून ३६८० फुटांनी. फरक ४४० फूट, म्हणजे साडेतेरा टक्के. यासाठी दारू किती जाते? २२३ ला साधारण सव्वीस ग्रेन, २२-२५० ला छत्तीसच्या आसपास. (हे आकडे तुलनेपुरते आहेत, भरणीसाठी नव्हेत. भरताना आपल्या दारूचं आणि आपल्या गोळीचं पुस्तक उघडायचं, कुणाचं ब्लॉगपान नाही.) म्हणजे साडेतेरा टक्के वेगासाठी जवळजवळ चाळीस टक्के जास्त दारू. एका पौंडात सात हजार ग्रेन. तेवढ्यात २२३ ची अडीचशेच्या वर काडतुसं भरतात, २२-२५० ची दोनशेच्या आत, आणि बिचाऱ्या हॉर्नेटची पाचशेच्या वर. शिवाय तक्त्यातले वेग बहुधा चोवीस इंची नळीचे असतात. तुमची नळी वीस इंचांची असेल तर खोक्यावरच्या वेगातले शंभर-सव्वाशे फूट दुकानातच राहिले असं समजा.

पण त्या ४४० फुटांतून पदरात काय पडतं तेही बघू. दोन्ही रायफली २०० यार्डांवर बरोबर लावल्या, तर ३०० यार्डांवर २२३ ची गोळी सुमारे सात इंच खाली जाते, २२-२५० ची सुमारे पाच. फरक दोन इंचांचा. आणि खाली जाणं ही अडचणच नाही हो! अंतर आता लेझरने मोजता येतं, तक्ता चिकटवलेला असतो, दुर्बिणीची चकती फिरवली की झालं. खरी अडचण आहे वारा. माळावर ताशी दहा मैलांचा आडवा वारा म्हणजे झुळूकच. तेवढ्या वाऱ्यात ३०० यार्डांवर २२३ ची गोळी दहाएक इंच वाहते, २२-२५० ची आठ-साडेआठ. आता समजा तुमचा वाऱ्याचा अंदाज पाच मैलांनी चुकला, जो नवशिक्याचा हमखास चुकतो. २२३ पाच इंच बाजूला जाईल, २२-२५० चार इंच. उभा राहिलेला प्रेअरी डॉग हाताच्या पंज्याएवढाच रुंद. दोन्ही गोळ्या हुकल्या. एवढे पैसे, एवढी दारू, एवढा आवाज, आणि हुकण्यात एका इंचाची प्रगती!

वारा वाचायला कुठलं काडतूस शिकवत नाही. गवत कुठे झुकलंय, दुर्बिणीतली हवा कुठल्या बाजूला लहरतेय, मधल्या ओढ्यापाशी वारा उलटा फिरतोय का, हे शेकडो बार केल्यावर हळूहळू डोळ्यात उतरतं. तेव्हा नव्या माणसाने विचारायचा प्रश्न एकच: वर्षाकाठी मला सर्वांत जास्त बार कशातून करता येतील? जास्त बार म्हणजे जास्त शिकणं. बाकी सगळं नाचता येईना अंगण वाकडं. आणि वाकडं अंगण सरळ करून द्यायला कंपन्या तयारच बसल्यात. २००३ मध्ये २२३ डब्ल्यूएसएसएम, २००४ मध्ये २०४ रुगर, २००७ मध्ये १७ फायरबॉल, २०१७ मध्ये २२ नोझलर, २०१८ मध्ये २२४ व्हॅल्कीरी, २०२४ मध्ये २२ एआरसी. दर वेळी तीच आरोळी: अमुक यापेक्षा वेगवान, तमुक यापेक्षा सपाट. यातली काही काडतुसं खरोखर चांगली आहेत. पण ज्यांनी मोठ्या हौसेने डब्ल्यूएसएसएम घेतलं, त्यांना आज नव्या पुंगळ्या शोधताना विचारा. रायफल कपाटात ठणठणीत आणि भरायला पितळ नाही.

इथे रीलोडिंगचा मुद्दा येतो, आणि वेगवाद्यांशी माझं सगळ्यात मोठं भांडण इथेच आहे. घरी भरण्याची सगळी बचत पुंगळीत असते, कारण तीच पुन्हापुन्हा वापरायची. २२३ ची पुंगळी जगात सर्वांत मुबलक. रेंजवर एआरवाले लोक अर्धी गोणी सांडून जातात. रेंजचे नियम परवानगी देत असतील तर पहाटे पडलेले आंबे वेचावेत तशा वेचायच्या. (लष्करी पुंगळीत टोपी दाबून पक्की केलेली असते, तेवढी कड आधी काढून घ्यावी लागते. आणि सैन्याचं ५.५६ हे बाहेरून जुळं भावंड दिसलं तरी ते २२३ च्या नागरी रायफलीत घालायचं नाही.) २०२०-२१ मध्ये इकडे टोप्यांचा दुष्काळ पडला, दुकानांच्या फळ्या ओस पडल्या. तेव्हा ज्यांच्याकडे सर्वसाधारण मापाची काडतुसं होती त्यांचं कसंबसं निभावलं. अनवट काडतुसं बाळगणारे हात चोळत बसले.

दुसरा खर्च नळीचा. नळीच्या सुरुवातीला, जिथे गोळी पहिल्यांदा आट्यांना भिडते, तिथे प्रत्येक बाराला जळत्या वायूचा झोत बसतो. मोठा बुधला आणि चिंचोळं तोंड, अशी २२-२५० आणि स्विफ्टची रचना. झोत तेवढाच जहाल. प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर बसून एकामागून एक बार काढले, नळीला हात लावला तर चटका बसेल अशी तापवली, की हजार-दीड हजार बारांतच तो भाग भाजून निघतो. जपून वापरणारे त्याच्या दुप्पट काढतात. २२३ ची नळी त्याच हातांत चार-पाच हजार बार सहज काढते. नवीन नळी बसवायची म्हणजे कारागीर, वाट पाहणं आणि भलीमोठी रक्कम. मित्रमंडळ सल्ला देताना हा हिशोब देत नाही.

तिसरी गोष्ट पैशांपेक्षा मोठी. २२३ साठी उद्योगाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ५५,००० पौंड, २२-२५० साठी ६५,०००. दोन्ही आपापल्या रायफलीत सुरक्षित आहेत, त्यावर वाद नाही. वाद मनोवृत्तीवर आहे. ज्याने वेगासाठीच काडतूस घेतलं, त्याला पुस्तकातल्या कमाल मर्यादेवर थांबवत नाही. थोडं अजून, अर्धा ग्रेन अजून. मग टोप्या चपट्या व्हायला लागतात, बोल्ट उचलताना हात अडतो, दोन-तीन वापरांत टोपीची जागा सैल पडून पुंगळ्या बाद होतात. ही रायफल आपल्याशी बोलत असते. ऐकलं नाही तर पुढचं ती चेहऱ्यापासून चार इंचांवर बोलते. गराजमधल्या टेबलावर बसताना विनयशील माणूस पाहिजे. माज घेऊन बसायची ती जागाच नव्हे.

आता समोरच्या बाजूचं खरं आहे तेही सांगतो, नाहीतर हे एकतर्फी होईल. कायोटीच्या मागे हिवाळ्यात फिरणारा माणूस वर्षाला जेमतेम पन्नास बार करतो, एका वेळी एक, थंड नळीतून, आणि प्राणी चांगला दहा-पंधरा किलोंचा. त्याच्या हातात २२-२५० शोभतं, त्याला मी एक शब्द बोलणार नाही. २०४ रुगरवाल्यांचाही एक मुद्दा अस्सल आहे: ३२ ग्रेनची गोळी ४२२५ फुटांनी जाते, तरी धक्का इतका कमी की आपली गोळी कुठे पडली ते दुर्बिणीतून स्वतःला दिसतं. शिकण्यासाठी याहून मोठी सोय नाही. फक्त हे श्रेय कमी धक्क्याचं आहे. २२३ च्या जराशा जड रायफलीतही तेच दिसतं. २२-२५० मात्र ऐन वेळी दुर्बीण उचलते आणि आपण शेजाऱ्याला विचारतो, "कुठे गेली रे?"

१७ एचएमआर, जे २००२ मध्ये आलं, ते सतरा ग्रेनच्या गोळीचं गोंडस काडतूस. दीडशे यार्डांच्या आत ग्राउंड स्क्विरलसाठी छान. पण ते रिमफायर, म्हणजे ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला. एकदा उडालं की पुंगळी भंगारात, पुन्हा भरणं नाही. आणि जरा वारा सुटला की गोळी पतंगासारखी वाहते. राहिलं आपलं म्हातारं हॉर्नेट. पातळ पितळ, गळा इतका नाजूक की गोळी दाबताना हात वाकडा पडला तर चुरगळतो. पण आवाज कमी, दारू चिमूटभर, आणि वस्तीजवळच्या शेतात दीडशे यार्डांपर्यंत दुसरं काही लागत नाही. घरात आजोबांची २२२ असेल तर ती विकणाऱ्याला मी करंटा म्हणेन. पुंगळ्या आता सहज मिळत नाहीत, हे खरं असलं तरी.

आता आत्याचा प्रश्न. "हे प्राणी मारायचेच कशाला रे?" प्रश्न रास्त आहे, आणि वेगाच्या तक्त्यात त्याचं उत्तर नाही. ज्याच्या अल्फाल्फाच्या शेतात ग्राउंड स्क्विरलनी चाळण केली आहे, ज्याच्या कुरणातलं गवत गुरांच्या आधी प्रेअरी डॉग संपवतात, त्या शेतकऱ्याचं नुकसान खोटं नाही. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. काळ्या पायांचा फेरेट नावाचा एक मुंगसासारखा लांबट प्राणी पूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतो, त्यांच्याच बिळांत राहतो. प्रेअरी डॉग विष घालून संपवत नेले, रोगाने मेले, तसा फेरेटही नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगच्या मिटीत्सी गावाजवळ एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला, तेव्हा कळलं की थोडे उरलेत. १९८७ पर्यंत रानातले शेवटचे अठरा धरून त्यांची पैदास करावी लागली. जिथे जमीनमालकाचं खरं नुकसान आहे आणि त्याने बोलावलंय, तिथे जावं. नुसते आकडे मोजायला जाऊ नये. यूटा प्रेअरी डॉगसारख्या ज्या जातीला कायद्याचं संरक्षण आहे तिच्या वाटेलाही जाऊ नये.

आणि इथेच वेगाचा माज मला सर्वांत जास्त खुपतो. चार हजार फूट हे अंतर वाढवायचा परवाना म्हणून विकले जातात. रायफल वेगवान आहे, मग मार चारशेवर, मार पाचशेवर. गोळी हुकली तर ठीक, पण निम्मी लागली तर जखमी जीव बिळात शिरतो आणि तिथे किती वेळ घेऊन मरतो हे कुठल्या तक्त्यात छापलेलं नसतं. लांबचं अंतर जोखायचं असेल तर पोलादी पाटी आहे, कागद आहे. त्यांवर हजार यार्डांचा हट्ट करा, मी टाळ्या वाजवीन. जिवंत प्राण्यावर मात्र तेवढंच अंतर, जिथे आपली पहिली गोळी जागच्या जागी काम करील याची स्वतःला खात्री आहे. ती खात्री सरावाने येते, पावतीने येत नाही.

अजून एक. पातळ आवरणाची शिशाची गोळी एवढ्या वेगाने लागली की तिचा चुरा होतो. म्हणूनच ती उडून पलीकडे जात नाही, हा फायदाच. पण तो चुरा मेलेल्या प्राण्यात राहतो आणि नंतर गरुड, ससाणे, बॅजर ते खातात. पक्ष्यांना शिसं बाधतं. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी सर्वत्र बंदच केली. शिसं नसलेल्या व्हार्मिंट गोळ्या आता मिळतात, पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी सरळ जायला नळीतले आटे जास्त पिळाचे लागतात. जुन्या धाटणीच्या २२-२५० मध्ये चौदा इंचांत एक फेरा, तर आजच्या २२३ मध्ये नऊ, आठ, सात इंचांतही मिळतो. हा पिळाचा आकडा वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा, आणि दुकानात तो विचारणारा दहात एखादाच.

ज्यांना अजून वाटतं की वेग म्हणजेच नेम, त्यांच्यासाठी घरचंच उदाहरण देतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत वापरतात ते साधं २२ लाँग रायफल. वेग हजार-अकराशे फुटांच्या मध्ये, आवाजाहून कमी. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून, मग उभं राहून त्या बटणावर गोळ्या घालायच्या. त्या गोळीने ३०० यार्डांवरचा प्रेअरी डॉग मारा असं मी म्हणत नाही, तिथे वेग लागतोच. पण श्वास, चाप, आणि बार उडाल्यावरही न हललेला खांदा या गोष्टी खोक्यात भरून मिळत नाहीत, एवढं तरी त्या बटणावरून पटावं.

तर माझा निकाल: पहिली रायफल, घरी भरायची आणि खूप वापरायची, तर २२३, बोल्टची, नऊ किंवा आठ इंचांच्या पिळाची. वस्तीजवळ हॉर्नेट. भरायचं नसेल तर १७ एचएमआर. मोकळ्या रानात थंड नळीने कायोटी, तर खुशाल २२-२५०. आणि कुठलीही घेतली तरी पहिल्या वर्षी निदान हजार बार कागदावर.

मतभेद असतील तर जरूर कळवा, मला भांडायला आवडतंच. फक्त वेगाचा तक्ता पाठवू नका, तो माझ्याकडे आहे. आपली वही पाठवा: गेल्या वर्षी कुठल्या वाऱ्यात, किती अंतरावर, किती बार केले, किती लागले आणि किती हुकले. त्या वहीतले आकडे मी मुकाट्याने ऐकून घेईन.

असो. बरंच लांबलं. टेबलावर शंभर पुंगळ्या कापायच्या राहिल्यात.